रात्री पाणी भरताना डोक्याला बॅटरी, आणि कळसुबाईला येताना मोकळे हात?



आधी शेताची नोंद. आवणी निम्म्याच्या वर उरकली. इंद्रायणीचं रोप बावीस दिवसांचं झालंय, काळभाताचं दोन-तीन दिवस पुढं गेलंय. तीन दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही, खाचरं तुडुंब आहेत. खत थांबवलंय, कारण या वाहत्या पाण्यात युरिया टाकणं म्हणजे ओढ्याला दान. पिकाचं आज एवढंच. बाकीची नोंद डोंगराची आहे आणि ती जरा कडू लागेल, कारण ती आपल्याच माणसांबद्दल आहे.

दर पावसाळ्यात मला एकाच साच्याचा मेसेज येतो. "दादा, आम्ही पंचवीस-तीस शेतकरी अभ्यास दौऱ्यावर येतोय. कोंभाळण्याला राहीबाईंची बियाणे बँक बघणार, जेवणं करणार आणि दुपारून कळसुबाई उरकणार. सोबत कृषी खात्याचे साहेब आहेत. काही आणायला लागतं का?" मी लिहितो, डोक्याला लावायची बॅटरी, रेनकोट, तळाला खाचा असलेले बूट, एक जादा कोरडा शर्ट. आणि दुपारून चढू नका. त्यावर उत्तर येतं, "अहो दादा, आम्ही मातीतली माणसं, डोंगराला काय भ्यायचं!" पुढं एक हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा आता मला बघवत नाही.

शहरातल्या पोरांना शिव्या घालणं सोपं आहे. छत्री घेऊन चढणारे, रील काढायला कड्याच्या टोकावर उभे राहणारे, नऊशे-हजार रुपयांत साठ-सत्तर जण भरून आणून सगळ्यांच्या पुढं एकच कोवळा पोरगा 'लीडर' म्हणून देणारे. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, लिहू देत. मला आज भांडायचंय ते शेतकरी गटांशी, शेतकरी कंपन्यांच्या सहलींशी, कृषी महाविद्यालयांच्या दौऱ्यांशी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या साहेब लोकांशी. म्हणजे हे पेज वाचणाऱ्यांशीच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी डोंगर थोडक्यात सांगतो. कळसुबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून नेहमीची वाट. माथा तिथून साधारण आठशे मीटर वर. सवय नसलेल्याला चढायला तीन-चार तास, उतरायला दोन-अडीच. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, म्हणून लोकांना वाटतं हा जिना आहे. जिना नाही तो. शिडीच्या खाली आणि वर निसरडा कातळ आहे, त्यावर शेवाळ आहे, आणि आषाढ-श्रावणात ढग असा बसतो की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं हे कृषी हवामानाच्या पहिल्या धड्यात असतं. म्हणजे माथ्यावर पायथ्यापेक्षा पाचेक अंश कमी, त्यात वारा, त्यात अंगावर भिजलेले कपडे. हा धडा शिकवणारे साहेब स्वतः सुती शर्टावर वर जातात, याचं मला नवल वाटतं.

दोन वर्षांमागं, ऐन आवणीत, असाच एक गट आला. कुठल्या जिल्ह्याचा, कुणी आणला, ते लिहीत नाही. दुपारी दोनला चढायला लागले. शेवटच्या शिडीच्या अलीकडं साठीतल्या एका बाबांचा पाय घसरला, गुडघा सुजून भोपळा झाला. तेव्हा पाच वाजून गेले होते. तीस माणसांत एक बॅटरी नाही. मोबाइलचे दिवे लावले, ते पावसानं आणि चार्जिंगनं तासाभरात गेले. खाली निरोप आला तेव्हा आम्ही चिखलातून नुकते बाहेर पडलो होतो. आठ जण वर गेलो. दोन बांबू, एक जाड चादर, तिची डोली केली. बाबांना खाली आणायला रात्रीचे अडीच वाजले. ते कुडकुडत होते, बोलणं अडखळत होतं, आणि मध्येच कुडकुडणं थांबलं तेव्हा आमच्यातल्या जाणत्या माणसानं सगळ्यांना गप्प करून स्वतःची घोंगडी त्यांना गुंडाळली. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, कुडकुडायचं थांबलं म्हणजे बरं वाटतंय. उलट असतं ते. अंगातली ऊब संपत आली की शरीर कुडकुडणंही सोडून देतं. बाबा वाचले. आमच्यातल्या एका पोराचं मनगट मात्र डोली उतरवताना मोडलं, आणि त्याची आवणी त्या वर्षी बायकोनं आणि म्हाताऱ्या आईनं केली.

सकाळी गटानं आभार मानले. एक शालही दिली. शाल चांगली होती.

आता हिशोब करा, आपण हिशोबाची माणसं. आठ गडी एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. आवणीला माणूस मिळत नाही, मिळालाच तर मजुरी आणि वर जेवण. एका घरचं रोप त्यामुळं आठवडाभर लांबलं. वय झालेलं रोप लावलं की फुटवे कमी येतात, हे मी इथल्या कृषितज्ज्ञांना सांगायला नको. तीनशे रुपयांच्या बॅटरीचा खर्च वाचला, तो कुणाच्या खाचरातून वसूल झाला, तेवढं बघा.

"पण तुम्ही गावकरी तर चपलेवर चढता की!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. ऐकणाऱ्याला त्यात आमचं कौतुक वाटतं. मला त्यात आळस दिसतो. एक तर आम्हीही घसरतो, पडतो, त्याची बातमी होत नाही. दुसरं, आमच्या अंगावर काय असतं ते बघणाऱ्यानं नीट बघितलेलं नसतं. डोंगराला गुरं घेऊन जाणाऱ्या माणसाकडं काठी असते. कमरेला कोयता असतो. डोक्यावर इरलं नाहीतर घोंगडी असते. फडक्यात भाकरी असते, खिशात काडेपेटी प्लॅस्टिकात गुंडाळलेली असते. आणि कुठली वाट पावसात बंद होते, कुठल्या ओढ्याला वर पाऊस झाला की अर्ध्या तासात लोंढा येतो, हे डोक्यात असतं. हे सगळं साहित्यच आहे, फक्त दुकानातलं नाही. पाहुण्यानं त्यातली फक्त चप्पल उचलली आणि बाकीचं सोडून दिलं.

घोंगडीचंच बघा. लोकर भिजली तरी काही ऊब धरून ठेवते. कापूस भिजला की पाणी धरून बसतो आणि अंगाची उष्णता ओढून नेतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्या मित्रांनो, रागावू नका. तुमच्या मालाबद्दल उन्हाळ्यात काय म्हणाल ते कबूल, पण भर पावसात डोंगरावर सुती बनियन, सुती शर्ट आणि जीन्स म्हणजे अंगावर ओलं पोतं. साधा पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट घाला, वर रेनकोट, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा शर्ट किंवा स्वेटर. तो कोरडा शर्ट चढताना घालायचा नाही. थांबावं लागलं, अडकावं लागलं, तर तेव्हा.

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यात, हरिश्चंद्रगडावर, पुण्याकडून आलेल्या एका गटाची धुक्यात वाट चुकली आणि पावसात गारठून एका तरुणाचा जीव गेला. कड्यावरून पडून नाही. गारठ्यानं. महाराष्ट्रात थंडीनं माणूस मरतं यावर आपला विश्वास बसत नाही, म्हणून हे सांगितलं.

आता बॅटरी. इथं मला खरंच हसू आणि राग दोन्ही येतात. शेतीपंपाला रात्रीची लाइट येते म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक बागायतदार घरात डोक्याला लावायची बॅटरी आहे. दारं धरताना, मोटर चालू करायला जाताना आपण ती लावल्याशिवाय बांधावर पाऊल टाकत नाही, कारण घोणस, मण्यार कुठं असेल सांगता येत नाही. हाच माणूस सह्याद्रीच्या कातळावर, जिथं दगडाखाली फुरसं असतं, संध्याकाळी सहाला मोबाइलच्या उजेडावर उतरतो. ज्या हातानं मोबाइल धरायचा त्याच हातानं शिडी धरायची असते, हे त्याला शिडीवर गेल्यावर कळतं. घरातली बॅटरी दौऱ्याच्या पिशवीत टाकायला एक पैसा लागत नाही. सेल नवे घाला, एवढंच. दिवसा परतणार असाल तरी घाला. अंधारात अडकलेला प्रत्येक माणूस दिवसाच परतणार होता.

बुटांबद्दल दुकानदाराचं ऐकून आठ हजार घालवू नका. घोटा धरणारा, तळाला खोल खाचा असलेला, वापरून पायाला बसलेला बूट पुरतो. तळ झिजलेला महागडा बूट शेवाळावर चपलेइतकाच वाईट. कोरा बूट त्याच दिवशी काढून घातला तर पहिल्या तासात टाचेला फोड येतात. आणि हो, खाचरातला गमबूट घालूनही लोक येतात. गमबूट चिखलासाठी असतो. ओढ्यात उतरलात की त्यात पाणी भरतं, पाय आत सरकतो आणि घोट्याला आधार काहीच नाही.

दोराचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं शेतकऱ्याचं अर्धं ज्ञान जास्त घातक ठरतं. एका गटानं गाडीतून नायलॉनचा कासरा आणला होता, बैलाला बांधतात तोच, आणि तो कठड्याला बांधून माणसं ओढायचा त्यांचा बेत होता. बैलाला रोखणारा दोर माणसाला पेलणार नाही का, असा त्यांचा सवाल. सवाल वजनाचा नाही. माणूस दोन-तीन हात खाली पडून दोरावर थांबतो तेव्हा बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. गिर्यारोहणाचा खास दोर थोडा ताणून तो झटका गिळतो. कासरा ताणत नाही, तो झटका सरळ कमरेला आणि गाठीला देतो. शिवाय उन्हात दोन उन्हाळे पडून असलेल्या दोराचं आतून काय झालंय ते दिसत नाही. ठिबकच्या साध्या नळ्या उन्हानं कशा ठिसूळ होतात, आठवा. ज्याला दोर, हार्नेस आणि गाठी शिकलेल्या नाहीत त्यानं दोर आणूच नये. जिथं दोर लागतो तिथं शिकलेला माणूस, हेल्मेट आणि प्रमाणित सामान लागतं. ते नसेल तर ती वाट तुमची नाही. कळसुबाईच्या नेहमीच्या वाटेला दोर लागतच नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा कोकणकडा ही वेगळी गोष्ट, तिथं अभ्यास दौरा नेऊ नये.

शिट्टी. वीस-तीस रुपयांची. धुक्यात ओरडून घसा बसतो, शिट्टी ऐकू जाते. मिनिटाला सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ही जगभर चालणारी मदतीची खूण आहे. आमच्या पोरांना ती आता पाठ झालीय, पाहुण्यांना नाही.

पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर किंवा ओआरएस, गूळ-शेंगदाणे, चिकटपट्टी, रुंद बँडेज, रोजची गोळी ज्यांना चालू आहे त्यांची गोळी, हे गटात असावं, त्यावर वाद नको. एक ताडपत्रीचा तुकडा मात्र जरूर आणा, पाच-सहा माणसं खाली बसतील एवढा. घरी असतोच. मल्चिंग पेपर चालत नाही, वाऱ्यानं फाटतो. अडकलेल्या माणसाला वाऱ्याआड बसवलं तरी अर्धी लढाई होते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात येणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट, वीज. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये 'दामिनी' ॲप असतं, पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं. शेतात असताना आपण ते बघून गुरं आत घेतो. मग डोंगराला जाताना पायथ्यालाच बघा, वर रेंज असेलच असं नाही. कडकडाट ऐकू आला तर माथा गाठायचा नाद सोडून शिड्यांपासून लांब खाली यायचं. आणि उन्हाळ्यात कड्याला आग्या मोहोळ असतं. तिथं अत्तर, धूर, आरडाओरडा नको, अंगभर कपडा हवा. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलेलेही तिथं बिडी ओढताना मी पाहिलेत.

मला माहीत आहे यावर काय येणार. "एवढं सगळं घेऊन कोण जातं?" हाच प्रश्न फवारणीच्या वेळी विचारला जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांवर किती कार्यशाळा झाल्या! तेव्हा शेतकऱ्यांनी एक रास्त गोष्ट सांगितली होती, की ते किट उन्हात घालवत नाही, गुदमरायला होतं. ती तक्रार खरी होती. साहित्य हवेला आणि कामाला साजेसं नसेल तर माणूस ते घालत नाही. पण डोंगराच्या बाबतीत ही सबबही नाही. डोक्याची बॅटरी कुणाला गुदमरवत नाही. कोरडा शर्ट पिशवीत बोचत नाही. कार्यशाळेत मास्कवर तासभर बोलणारे साहेब तीस शेतकऱ्यांना रिकाम्या हातांनी शिडीवर चढवतात, तेव्हा त्या कार्यशाळेवर विश्वास कसा ठेवायचा?

राज्यानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साहित्य सगळं आहे. पण अभ्यास दौऱ्याला कुणी साहस म्हणत नाही, म्हणून तो त्या जाळ्यातून अलगद सुटतो. कागदावर प्रवास, जेवण, मुक्काम, बॅनर असतो. बॅनर कधी विसरत नाहीत. माझं म्हणणं, दौऱ्याच्या अंदाजपत्रकात डोंगर असेल तर प्रथमोपचार पेटी, चार बॅटऱ्या आणि गावातले दोन वाटाडे यांचा खर्च धरा. तो धरता येत नसेल तर कळसुबाई खालून बघा. बारीतून ती छान दिसते.

आता आमच्या घरचं. ग्रामसभेत मी दोनदा मांडलं की पाहुण्यांकडून जे शुल्क घेतलं जातं त्यातला वाटा बाजूला काढून पायथ्याला एक चांगलं स्ट्रेचर, ब्लँकेट आणि दिवे ठेवावेत, आणि दुपारी बारानंतर पावसाळ्यात बॅग बघितल्याशिवाय कुणाला वर सोडू नये. विरोध गावातूनच झाला. ज्यांची जेवणाची घरं आहेत त्यांना वाटतं गिऱ्हाईक दुसऱ्या डोंगराला जाईल. त्यांचं पोट त्यावर आहे, मी त्यांना वाईट म्हणत नाही. भात चार महिन्यांचा, पाहुणा बारा महिन्यांचा. पण रात्री डोली उचलायला जेवणाच्या घरातली पोरं येतात तशी शेतातलीही येतात, आणि कुणालाच विमा नाही, हेही त्याच सभेत बोललं पाहिजे. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखी तयार बचाव पथकं आहेत, ती प्राण लावून काम करतात. त्यांना लोणावळ्याहून इथं पोचायला वेळ लागतो. तोवर आम्हीच असतो, बांबू आणि चादर घेऊन.

एक जण म्हणाला, मग तुम्ही जाऊच नका वर, सरकार बघेल. हे ज्यानं लिहिलं त्याचं गाव सपाटीवर असणार. वर माणूस ओरडतंय आणि आपण भाकरी खातोय, असं इथं कुणाला जमत नाही. नेमकं तेच गृहीत धरून लोक रिकाम्या हातानं येतात, माझं भांडण त्याच्याशी आहे.

या रविवारी दोन गट येणार असल्याचं कळलंय. गटप्रमुखांनी आदल्या दिवशी मेसेज करा. माझ्या ओसरीवर सहा बॅटऱ्या, दहा काठ्या, चार शिट्ट्या आणि एक ताडपत्री ठेवलीय, सही करून न्या, परत आणून द्या. सकाळी सातच्या आत निघायचं. दुपारून येणार असाल तर माझं खाचर बघा, चारसूत्रीनं लावलेलं आणि नेहमीच्या पद्धतीनं लावलेलं शेजारी-शेजारी आहे. चिखलात उतरायला तेवढा गमबूट चालेल.